भार सावकाश

फोन खाली ठेवल्यावरही प्रमिलाचा हात त्याच्यावरच राहिला. टाइमकीपरच्या टेबलावरचा तो काळा फोन दिवसभर कुणाकुणाच्या हातांखालून जायचा, त्यामुळे नेहमी जरा चिकट लागे. बाहेर अंगणात पाईपांचे भारे ट्रकवर चढत होते. एकावर एक पडताना त्यांचा पोकळ आवाज येत होता, आणि तिच्या मनात आलं की हा आवाज आपण मघापासून ऐकतोय, फोन यायच्या आधीपासून, म्हणजे मधे काही झालेलंच नाही. टाइमकीपरनं मान वर करून विचारलं, घरून होता का. ती म्हणाली, हो, धुळ्याहून. एवढं बोलून ती चाचणीच्या खोलीकडे चालू लागली, आणि दारापाशी पोचेपर्यंत तिला कळून चुकलं होतं की शालिक गेला.

तसं कुणी म्हटलं मात्र नव्हतं. धुळ्याला आग्रा रोडवर तिच्या धाकट्या भावाचं, शालिग्रामचं, जळक्या मोटरी बांधून देण्याचं दुकान होतं, आणि त्याला लागून रुपचंदचं सायकलचं. रुपचंद बूथवरून बोलत होता. मागे कुणाचा तरी स्कूटर सुरू करण्याचा खटाटोप चालला होता, त्यातून त्याचे शब्द तुटत तुटत आले. ‘‘अक्का, शालिकभाऊ सिरियस शे. दवाखानामा आणेल शे. मायले लई या, टाईम नका लावू.’’ आईला घेऊन यायचं होतं, लगेच. ती बरं म्हणाली. काय झालं, कधी झालं, बोलतो आहे का, डॉक्टर काय म्हणतात, यांतलं तिनं काहीच विचारलं नाही. विचारायचं नसतंच. आमच्याकडे त्या काळी सिरियस हा शब्द तारेतून आणि फोनवरून जणू एवढ्याच कामासाठी यायचा. माणूस गेला असं रक्ताच्या नात्याला तोंडावर कुणी सांगत नसे. तब्येत जास्त आहे, तुम्ही निघा, एवढंच. पुढचं ज्याचं त्यानं वाटेत जुळवून घ्यायचं आणि घराच्या गल्लीत वळेपर्यंत तयार व्हायचं. सांगणाराही खोटं बोलत नसे आणि ऐकणाराही फसत नसे. वडील, आबा, गेले तेव्हा प्रमिला जळगावला वसतिगृहात होती. काका न्यायला आले, पांढरं धोतर, डोक्याला टोपी, हातात तिच्यासाठी केळ्यांची फणी. आबांना जरा बरं नाही, म्हणाले. गाडीत बसल्यावर म्हणाले, जरा जास्तच आहे. मग बऱ्याच वेळानं, खिडकीबाहेर बघत, कालपासून बोलत नाहीत. ती केळी सोलून खात होती. तिला आठवतं, शेवटचं केळं खाऊन साल खिडकीबाहेर टाकताना तिला सगळं समजलेलं होतं आणि तरी तोंडात गोड चव होती. काकांवर तिनं कधी राग धरला नाही. उलट पुढे तिला वाटत राहिलं की त्या माणसानं आपल्याला फार जपून आणलं, भरलेलं भांडं आणावं तसं.

चाचणीच्या खोलीत तिनं सकाळी बर्फाच्या पाण्यात घातलेले पाईपांचे तुकडे तसेच टबात होते. वरून पडणारं वजन साखळीला टांगलेलं होतं. ती स्टुलावर बसली. समोरच्या भिंतीवर आलेखाचे कागद टाचणीनं लावलेले, त्यांच्यावर तिच्याच हातच्या रेघा. गेली दोन वर्षं ती एकाच गोष्टीच्या मागे होती. शेतांमधून तक्रारी यायच्या की पाईप चांगला चालतो, आठ-आठ महिने दाब सोसतो, आणि एखाद्या दिवशी गेलेली लाईट अचानक आली, मोटर एकदम उठली, की उभा चिरतो. तोच पाईप, तोच दाब. फरक एवढाच की एकदा दाब सावकाश चढला होता आणि एकदा झटक्यात. पुस्तकातली सूत्रं सरळ रेषेची होती, जेवढा भार तेवढा परिणाम, आणि हे प्लॅस्टिक सरळ रेषेत वागायला तयार नव्हतं. म्हणून तिनं आडव्या रेषेवर तुकडा किती दबला ते मांडलं, उभ्या रेषेवर त्यानं आतून किती ताण घेतला ते, आणि ठिपके जोडले, तर प्रत्येक वेळी इंग्रजी एस अक्षर ओढून लांब केल्यासारखी रेघ उमटली. सुरुवातीला ती जमिनीलगत सरपटते, काही घडतच नाही असं वाटतं. मग एका जागी मान वर काढते आणि चढतच जाते. वर पोचली की पुन्हा आडवी होते. तिथं पदार्थ तुटत नाही, आतल्या साखळ्या एकमेकींवरून सरकतात आणि तो नुसता देत राहतो, देत राहतो. मान कुठं वर काढली, किती उभी चढली, कुठं आडवी झाली, एवढ्या तीन गोष्टी धरल्या की ती वळणाची रेघ पकडीत येते. भाराचा वेग वाढवत नेला की आकार तोच राहतो, पण मधली चढण उभी होत जाते. आणि वेग फारच झाला तर वरची ती आडवी वाट येतच नाही. चढणीवरच रेघ संपते. साखळ्यांना सरकायला वेळच मिळालेला नसतो.

शालिक एकदा ही खोली बघायला आला होता. बायकोला आणि पोरीला बाहेर रसवंतीवर बसवून एकटाच आत आला, वजन दाणकन पडताना बघून लहान मुलासारखा दचकला आणि मग हसत सुटला. म्हणाला, अक्के, तुम्ही पगार घेऊन पाईप फोडता, आमच्या गल्लीत पोरं फुकट फोडतात तर मार खातात. भिंतीवरच्या रेघा बघून म्हणाला, हा तर लळिंगचा घाट काढलाय तू. तिला त्याचे हात आठवले. तांब्याच्या तारा गुंडाळून गुंडाळून बोटांच्या पेरांवर कायमच्या चिरा, आणि वार्निशचा आंबूस वास. तिनं त्याला दोन वर्षं जळगावला आपल्या खोलीवर ठेवून आयटीआय करवला होता. रात्री तो स्टोव्हला पंप मारायचा आणि ती भाकरी थापायची. तिचं लग्न राहूनच गेलं होतं, त्याबद्दल तो एकटाच कधी काही बोलला नव्हता. बाकी सगळ्यांनी बोलून घेतलं होतं. आता ते हात थंड झाले असतील, असं तिच्या मनात आलं, आणि आपण हे किती सहज मनात आणलं याचीच तिला भीती वाटली. छातीत कुठंतरी रेघ अजून जमिनीलगत सरपटत होती. तिला आपल्यासाठी काही करायचं नव्हतं. आपल्याला जो झटका बसायचा तो बसून गेला, चिकट फोनवर, तीन वाक्यांत. आता आई होती.

आई, धुरपदाबाई, पारोळ्याला एकटी राहायची. जळगावहून धुळ्याला जाताना पारोळं वाटेतच लागतं. सत्तरी ओलांडलेली. मागच्या उन्हाळ्यात चक्कर येऊन पडली तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी प्रमिलाला बाजूला घेऊन सांगितलं होतं की हृदय फार थकलंय, काही करा पण एकदम धक्का बसू देऊ नका. ते बोलणं प्रमिलाच्या कानांत तेव्हापासून होतं. आईला पारोळ्यातून उचलून धुळ्याला न्यायचं होतं, तिच्या मुलाच्या मयतीला, आणि धडधाकट न्यायचं होतं. एका दिवसात दोन माणसं जाऊ द्यायची नव्हती. स्टुलावर बसल्या बसल्या तिनं ठरवलं की भार सावकाश द्यायचा. थोडा थोडा, मधे वेळ सोडत, आईच्या आत जे काय सरकायचं ते सरकू देत, त्या वरच्या आडव्या वाटेवर तिला अलगद नेऊन सोडायचं. हे ठरल्यावर तिला बरं वाटलं. करण्यासारखं काहीतरी आपल्याला नेमकं येतं आहे, असं वाटलं.

टाइमकीपरकडून मॅनेजरसाहेबांना कळलं होतं. त्यांनी कारखान्याची जीप द्यायला सांगितली. ड्रायव्हर धनसिंग फडक्यानं काच पुसत उभाच होता. म्हणाला, मॅडम, बसा, पारोळ्याहून आईंना उचलू आणि दुपारच्या आत धुळ्याला सोडतो. प्रमिला जीपकडे बघत राहिली. भर सकाळी कारखान्याची जीप पारोळ्याच्या त्या बोळाशी थांबेल, शेजारच्या बायका ओट्यांवर येतील, आपण उतरू, आणि एक शब्दही बोलायच्या आधी आईला सगळं समजेल. सगळा भार एका क्षणात. नको, ती म्हणाली, मी एसटीनं जाईन. धनसिंगला वाटलं संकोच करतात. त्यानं पुन्हा म्हटलं, अहो, माणूस आजारी आहे, गाडी आहे तर घ्या की. ती म्हणाली, घाई नाही. हे शब्द तिनं नीट उच्चारले, आणि धनसिंगनं ते ऐकून मान खाली घातली. त्यालाही समजलं असं तिला वाटलं.

ती आधी खोलीवर गेली. अंगावरचं निळं पातळ बदलून फिकं नेसली, अगदी पांढरं नको, आईच्या डोळ्यांत येईल. कुंकू बारीक केलं. कुलूप लावताना शेजारच्या पुष्पाबाईंनी विचारलं, इतक्यात कुठं, तर म्हणाली, भावाला बरं नाही. स्वतःच्या तोंडून ते वाक्य ऐकताना काकांचाच आवाज आल्यासारखं झालं. गाडी पाळधीला थांबली, एरंडोलला थांबली. पौष चालू होता, रस्त्याकडेच्या बाभळींना ट्रकांवरून उडालेल्या कापसाचे पुंजके लटकत होते, आणि उन्हात ते इतके पांढरे दिसत की तिला डोळे मिटून घ्यावे लागत. डोळे मिटले की शालिक दिसे. चार वर्षांचा, नागडा, अंगाला तेल लावून उन्हात उभा केलेला. त्याच्याआधी आईची दोन मुलं गेली होती, म्हणून याला ती कुणाच्या हातात देत नसे. फक्त प्रमिलाच्या कडेवर द्यायची आणि म्हणायची, सांडू नको. तिनं सांडला नव्हता. नदीत पडला तेव्हा तिनंच ओढून काढला होता, पटकीच्या वर्षी रात्ररात्र तिनंच मांडीवर घेतला होता. एवढं करून आता तो आपल्या नकळत, आपण टबात बर्फ टाकत असताना, गेला. आपल्याला काहीच कसं जाणवलं नाही? वजन पडलं, तुकडा चिरला, आपण आकडा मांडला, आणि तेवढ्यात कधीतरी. कंडक्टरनं तिकीट विचारलं तेव्हा ती रडत नव्हती. तिला रडू आवरावं लागत नव्हतं, ते आलेलंच नव्हतं.

आई ओट्यावर उन्हात बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. प्रमिलाला बघून तिचा हात थांबला. ‘‘आज कशी काय उनी?’’ प्रमिला शेजारी बसली, एक शेंग उचलून सोलू लागली, आणि तीन-चार शेंगा झाल्यावर म्हणाली की शालिकला जरा बरं नाही, म्हटलं दोघी जाऊन येऊ. आईनं सूप बाजूला सारलं. काय झालं म्हणाली, कुणी सांगितलं म्हणाली. प्रमिलानं मनानंच जुळवून सांगितलं, छातीत दुखलं, आता दवाखान्यात आहे, काळजी नाही. ‘‘मंग बठी काय ऱ्हायनी? चाल ना.’’ आई उठून उभीसुद्धा राहिली, पायांत चप्पल घालायला लागली. आणि प्रमिलानं तिचा हात धरून तिला खाली बसवलं. जेवून जाऊ, म्हणाली. मला भूक लागलीय. तिच्या मनात होतं की एकदा तिथं पोचलं की दोन दिवस त्या घरात चूल पेटणार नाही, आईच्या पोटात काही जाणार नाही, हृदयाची गोळी तशीच पडून राहील. आत्ता चार घास गेले तर तेवढंच बळ. आई म्हणत होती, माले भूक नही, तू खा. प्रमिलानं हट्ट धरला. चूल फुंकली, कळण्याची भाकर टाकली, सकाळची डाळ ऊन केली, आईच्या पुढ्यात ताट ठेवलं आणि घास खाली जाईपर्यंत तिच्याकडे बघत बसली. आई मान खाली घालून, पोरीचं मन राखायला, सावकाश चावत होती. दात राहिले नव्हते. मधेच विचारलं, बोलतो ना? प्रमिलानं जरा वेळ जाऊ दिला आणि म्हणाली, थोडं कमी बोलतो. आईचा घास तोंडातच राहिला, मग गिळला गेला. प्रमिलाला वाटलं, जमतंय. हा एक भार चढला आणि तडा गेला नाही.

पारोळ्याच्या स्टँडवर नागपूरहून आलेली जलद गाडी उभी होती. दारापर्यंत माणसं. आई पदर खोचून सरळ घुसायला निघाली. प्रमिलानं तिला ओढून घेतलं. उभं राहून जाशील, चक्कर येईल, मागून लोकल येतेय, बसून जाऊ. आई तिच्याकडे एका विचित्र नजरेनं बघायला लागली. जलद गाडी धूर सोडून निघून गेली. बाकावर बसल्या बसल्या प्रमिलानं पुढचा भार चढवला. डॉक्टर म्हणतात, काही सांगता येत नाही.  आईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळायला सुरुवात केली, घट्ट, बोट पांढरं पडेपर्यंत, मग सोडलं, मग पुन्हा. प्रमिला तिच्या श्वासाकडे लक्ष ठेवून होती. श्वास बरा चालला होता. लोकल आली, जागा मिळाली, आईला तिनं खिडकीशी बसवलं. गाडी प्रत्येक फाट्यावर थांबत होती. कुणी कोंबड्या घेऊन चढलं, कुणाचं सुट्ट्या पैशांवरून कंडक्टरशी वाजलं, कुणी मागच्या बाकावरून विड्यांचा धूर सोडत कापसाच्या भावाबद्दल बोलत राहिलं, आणि या सगळ्यात त्या दोघी खांद्याला खांदा लावून बसल्या होत्या. फागणं गाव मागे पडलं. धुळ्याच्या गिरणीचं धुराडं लांबून दिसायला लागलं तेव्हा आईनं तोंड न वळवता, काचेकडेच बघत, हळू विचारलं.

‘‘खरं सांग, बेटी. शे का नही?’’

प्रमिलानं डोळे मिटले. चढण संपली होती, आता वरची वाट. एवढ्या वर्षांत नोकरीच्या, पुस्तकांच्या भाषेत तिनं जे काही शिकून घेतलं होतं ते सगळं तिथं गळून पडलं आणि आईच्याच बोलीत तिच्या तोंडून निघालं, ‘‘नही, माय.’’

आई तुटली नाही. प्रमिला हात पुढं करून बसली होती, आई कोसळलीच तर धरायला, पण आई कोसळली नाही. तिनं फक्त कपाळ समोरच्या बाकाच्या दांडीला टेकवलं आणि तिच्या घशातून बारीक, एकसारखा, न थांबणारा आवाज यायला लागला. पहाटे जात्यावर बसलेली बाई गुणगुणते तसा. पुढच्या बाकावरची बाई मागे वळून बघू लागली आणि न विचारता तिलाही समजलं, तिनं आईच्या गुडघ्यावर हात ठेवला. आई डोलत होती. तिनं शालिकचं नाव घेतलं नाही, लहानपणी ती त्याला ज्या नावानं हाक मारायची ते घेतलं. प्रमिलाला तेव्हा रडू आलं, पहिल्यांदाच. त्या रडण्यात, आज आठवलं की तिच्या अंगावर काटा येतो, थोडं समाधानही मिसळलेलं होतं. आई जिवंत होती. आपण तिला आणली होती.

दवाखान्याच्या फाटकाशी रिक्षा थांबली. रुपचंद चहाच्या टपरीजवळ उभा होता. त्यानं त्यांना पाहिलं, हातातला कप तसाच फळीवर ठेवला आणि धावत आला. त्याचे डोळे लाल होते. पण त्याच्या तोंडावर प्रमिलाला दुःखाच्या आधी दुसरंच काहीतरी दिसलं, न समजल्यासारखं. ‘‘अक्का, इतला येळ? आत्तेच गया तो. तुमनी वाट दखी दखी गया.’’

आत्तेच. प्रमिलाला तो शब्द समजायला वेळ लागला. रुपचंद बोलतच होता. सकाळी दुखायला लागलं तेव्हा फार वाईट होतं, म्हणून फोन केला. मग इंजेक्शन दिलं, दुखणं उतरलं, माणूस चांगला बोलायला लागला. डॉक्टर म्हणाले, अजून काही खरं नाही, कुणाला बोलवायचं ते बोलवून घ्या. चमच्या-चमच्यानं चहासुद्धा घेतला. दर थोड्या वेळानं विचारायचा, अक्का कुठवर आली असेल. आम्ही सांगायचो, आलीच. मग म्हणायचा, ती एसटीची वाट नाही बघायची, कारखान्याची जीप काढेल, मायला मधेच उचलून घेईल, आता दहा मिनिटांत बघा. जीपचा आवाज आला की मान वर करायचा. शेवटी-शेवटी मान उचलता येईना, तर कमलवहिनीला म्हणाला, मला दाराच्या बाजूला तोंड करून झोपव. रुपचंदनं हे सगळं एका दमात सांगितलं. त्यानं सकाळी जे होतं तेच फोनवर सांगितलं होतं, एक शब्दही कमी-जास्त नाही. आणि ती म्हणाली होती, बरं.

फागण्याच्या पुढं, आई दांडीला कपाळ टेकवून ज्याच्यासाठी रडत होती, तो दाराकडे तोंड करून वाट बघत होता.

आत कुणीतरी वर्दी दिली असावी. शालिकची बायको, कमल, केस सुटलेले, पायऱ्या उतरून आली आणि सासूच्या गळ्यात पडली. तिच्या हुंदक्यांतून एवढंच ऐकू येत होतं, इतला येळ का लाया माय, इतला येळ का लाया. व्हरांड्यातले लोक बघत होते. प्रमिला उभी होती. आता सांगायला हवं होतं. जीप होती, मी नको म्हटलं. जलद गाडी होती, मी जाऊ दिली. तिला उठू दिलं नाही, भाकर टाकली. तिचे ओठ हलले. आईनं सुनेच्या खांद्यावरून मान वर करून तिच्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. त्या नजरेत राग असता तर प्रमिलानं तो पदरात घेतला असता. पण त्या नजरेत ती सगळी दुपार होती, शेंगांपासून ‘नही, माय’पर्यंत, आणि आईनं ती तशीच्या तशी, कुणाला दिसू न देता, आपल्याकडे ओढून घेतली.

‘‘मी जेवाले बठनू, बेटी,’’ आई कमलला म्हणाली. ‘‘पोर म्हने चाल चाल. मीच जेवाले बठनू.’’

कमलनं मान वर करून सासूकडे पाहिलं. मग तिच्या खांद्यावरचा हात काढून घेतला.  आई कठडा धरून एकटी पायरी चढू लागली.

प्रमिलाला हाक मारायची होती.  रुपचंद तिच्या कोपराला हात लावून म्हणाला, ‘‘चाला अक्का. अंग आजून गरम शे त्यानं.’’

तेव्हा प्रमिला पळत सुटली. आईला ओलांडून, व्हरांड्यात बसलेल्या लोकांच्या पायांवरून, ओल्या फरशीवरून, कुठल्या खोलीत ते कुणाला न विचारता. एक चप्पल पायरीवरच निसटून राहिली. कुणीतरी मागून ओरडलं, बाई, हळू.